ड्रायव्हर बदलायचा का?

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीची मागची खिडकी बस उभ्या राहायच्या जागेवर उघडायची. एका दुपारी मी त्या खिडकीशी बसून निबंध तपासत होते आणि बाहेर सारखं टक, टकटक, टक असं काहीतरी वाजत होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी लाल रेघाही त्याच लयीत मारते आहे. एका मुलीचे दोन गुण त्या ठेक्यात उगाच गेले होते. ते तिला परत दिले आणि उठून बाहेर गेले.

बसमध्ये नवे ड्रायव्हर बसले होते. जाड मिशी, गोल चेहरा, इंजिन चालू, आणि हे गृहस्थ बोटातली अंगठी स्टिअरिंगवर आपटत होते. वर्गात वापरायच्या आवाजात मी विचारलं, हे काय चाललंय. ते खाली उतरले, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, इंजिन बेताल चालतंय. त्याला जरा ताल धरायला लावतोय."

परत येऊन मी कान देऊन ऐकलं, तर इंजिन खरोखरच लंगडत होतं.

मुलं त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. ते माझ्याहून वयाने चांगले लहान, पण मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून मीही काकाच म्हणायला लागले. वेळेच्या बाबतीत ते कुणाचे काका नव्हते की मामा नव्हते. बस सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ. आमच्या मुख्याध्यापकांना बसच्या पायरीवर एक पाय ठेवून मुलांना सूचना द्यायची सवय होती. काकांनी एकदा त्यांना सूचनांसकट पुढच्या चौकापर्यंत नेलं. परत येताना मुख्याध्यापक चालत आले आणि त्यानंतर सूचना थोडक्यात द्यायला लागले.

एका वर्षी मात्र त्यांच्यावर एक प्रसंग आला. ते सकाळी डबा घेऊन आले, तर त्यांच्या जागेवर दुसराच ड्रायव्हर बसलेला. कुणाचा राग नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. कार्यालयात कुणीतरी फेऱ्यांची अदलाबदल केली होती आणि सांगायचं राहून गेलं होतं. थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत झालं. पण त्या सकाळी ते बसच्या बाजूला उभं राहून वर आपल्या खिडकीकडे बघत होते. घरच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप दिसल्यावर माणूस जसा बघेल, तसं.

पुढे मी निवृत्त झाले, काही वर्षांनी तेही झाले, आणि योगायोगाने माझ्याच इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, पडदे शिवतात. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत कापड बेतायचं एक लांबलचक टेबल आहे. त्याच्या एका टोकाला शिलाई मशीन. दुसऱ्या टोकाला, मुलगी नोकरीला परगावी गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आणि तिचा वाजवायचा कीबोर्ड येऊन पडला. मधली जागा ही सीमारेषा. काकूंचा पडदा रेषेच्या पलीकडे गेला तर काका तो दोन बोटांनी उचलून परत ठेवायचे, आणि काकांची वायर अलीकडे आली तर काकू कात्री नुसती उघडून मिटायच्या. तेवढ्याने भागायचं.

काका कीबोर्डावर काय काय वाजवायचे. वरच्या मजल्यावर मला सगळं ऐकू यायचं. बरं वाजवायचे असं मी म्हणणार नाही, पण ठेका पक्का होता. काकू म्हणायच्या, "सूर चुकला तरी वेळेवर चुकतो."

आता त्यांच्या ताईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं.

काकांची आई ते अगदी लहान असताना गेली. त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीने. ताई एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळा जन्म त्यांनी लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात घालवला आणि स्वतः लग्नाच्या फंदात पडल्या नाहीत. आवाज असा की "जरा थांबा" म्हणाल्या तरी माणूस आनंदाने थांबायचा. भाऊ लहानपणी डबडी बडवायचा, म्हणून त्याचं नाव त्यांनी डबड्या ठेवलं. अजूनही त्या भरल्या घरात, मिशी पांढरी झालेल्या या माणसाला "ए डबड्या, पंखा लाव" असं म्हणतात आणि तो पंखा लावतो.

या डबड्याला झोपवायला ताईंनी स्वतःच एक गाणं जुळवलं होतं. "दार उघडं, खिडकी बंद, बाहेर फिरतो वारा मंद" अशी त्याची सुरुवात. पुढे वाऱ्याला घरात यायचं असतं, तो दाराशी येऊन कोण झोपलंय, कोण जागं आहे असं एकेकाचं विचारत राहतो, आणि दर कडव्यात घरातली एक वस्तू झोपते. तवा झोपतो, झाडू झोपतो, सगळ्यात शेवटी डबडं झोपतं. ते कुठे लिहिलेलं नाही, कुणाला येत नाही. काकांच्या मुलीलाही याच गाण्याने ताईंनी वाढवलं.

मग एका वर्षी ताईंचा आवाज बसायला लागला. आधी त्यांनी हवेला दोष दिला, मग पंख्याला. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तेव्हा स्वरतंतूवर एक गाठ निघाली. गाठ साधी होती, काळजीचं नव्हतं, पण काढायला हवी होती. महिनाअखेरीची तारीख मिळाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आवाज परत येईल, पण हाच येईल असं नाही. तोवर रोज थोडं बोलायला, थोडं गायला हरकत नाही, फक्त ताण द्यायचा नाही.

ताई म्हणाल्या, बोलता आलं म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "बाई, ताईचं गाणं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचंय. तारखेच्या आत."

मी म्हटलं, फोनवर भरा की. ते त्यांनी करून पाहिलं होतं. फोनवर ताईंचा आवाज कुणी बादलीतून बोलावं तसा येत होता आणि काकांचा कीबोर्ड त्यावर चढून बसत होता. मग त्यांनी मुलीचा कानावर घालायचा माईक कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात खुपसून पाहिला. त्यात ताईंपेक्षा काकूंचं मशीन स्वच्छ आलं. काकूंना ते ऐकून बरं वाटलं. म्हणाल्या, मशीनला तेल दिल्याचं कळतंय बघा.

तेव्हा आम्ही तिघं दुकानात गेलो. वाद्यांचं दुकान, पण निम्म्या भागात वायरी, माईक आणि काळे डबे. वाद्यं दुकानदार बघायचे आणि हा वायरींचा भाग त्यांची सून सांभाळायची. सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही सूनबाईच म्हणत. तिने सांगितलं की कॉम्प्युटरला जन्मतः असलेला कान कामचलाऊ असतो. गाणं नीट भरायचं तर बाहेरून चांगला कान लावावा लागतो. हा बाहेरचा कान म्हणजे एक लहानशी पेटी: माईक आणि वाद्य एका बाजूने हिच्यात जातं, ही त्याचं कॉम्प्युटरला समजेल असं काहीतरी करते, आणि कॉम्प्युटरमधलं गाणं परत हिच्यातूनच कानात येतं.

काकांनी पेट्या बघितल्या त्या बस बघाव्यात तशा. एकेक उचलून वजन बघितलं, उलटी करून बूड तपासलं, बटणं फिरवून कुठलं सैल आहे ते पाहिलं. त्यांचा जीव जडला आठ भोकांच्या एका लांब पेटीवर. तिला पुढून दिव्यांची ओळ होती. बोललं की दिवे हिरव्याचे पिवळे व्हायचे. काका तिच्यासमोर दोनदा खोकले, नुसते दिवे बघायला.

काकूंनी विचारलं, "आपल्याकडे गाणारी माणसं किती?"

"एक."

"आणि वाजवणारी?"

काका जरा थांबून म्हणाले, "एक."

"अर्धा धरा," काकू सूनबाईला म्हणाल्या. "दीड माणसाला दोन भोकांची पुरे."

दोन भोकांची पेटी आली, एक माईक आला आणि मोठ्या भाकरीएवढी तोंडं असलेला हेडफोन आला. काकांनी उत्साहाच्या भरात तिथूनच ताईंना फोन लावला आणि पेटी घेतली म्हणून सांगितलं. संध्याकाळी ताई आल्या, टेबलावरची ती तळहाताएवढी वस्तू त्यांनी फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिला भाता कुठाय?" पेटी म्हटल्यावर त्यांना हार्मोनियमच वाटली होती. मग म्हणाल्या, आमच्या डबड्याला शेवटी डबडंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी पेटी जोडायला काकांनी मला बोलावलं. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आणि बटण दाबायचं त्यांच्याकडे. सगळं सुरळीत चाललं होतं. पेटी जोडल्याबरोबर कॉम्प्युटरने तिला ओळखलं, तिच्यातून आवाजही आला. मग पेटीसोबतचा प्रोग्रॅम टाकायला घेतला, आणि पडद्यावर एक चौकट आली. मी ती वाचली आणि मराठीत सांगितली: या पेटीवर सध्या एक ड्रायव्हर आहे, त्याला काढून नवीन बसवायचा का?

काकांचा हात उचललेला तसाच राहिला.

"आहे तो चालवतोय ना नीट?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आवाज तर येतोय.

"त्याची काही तक्रार?"

तसं काही लिहिलेलं नव्हतं. पलीकडून काकू म्हणाल्या की कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर हा काही माणूस नव्हे, दाबा ते बटण. काकांना ते काय कळत नव्हतं का? कळत होतं. कॉम्प्युटर आणि जोडलेली वस्तू यांच्यामधे एक मध्यस्थ प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे सूनबाईने दुकानातच सांगितलं होतं आणि त्यावर काकांनी तिला एक जुना विनोदही ऐकवला होता. पण शब्द शब्दच असतो. कान त्याचा आधीचा अर्थ विसरत नाही.

"बाई," ते म्हणाले, "काही चूक नसताना चालत्या ड्रायव्हरला खाली उतरवायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही." आणि त्यांनी 'नाही' हे बटण दाबलं. काकूंनी मशीन सुरू केलं. मी घरी गेले.

गाणं भरायला ताई आल्या तेव्हा तारखेला आठवडाभर उरला होता. काकांनी कीबोर्डावरची साथ आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती. ताईंनी हेडफोन घालून ती ऐकायची आणि तिच्याबरोबर माईकसमोर गायचं, एवढंच. काकूंनी मशीन बंद केलं, मी दाराशी खुर्ची घेऊन बसले.

ताईंनी पहिली ओळ चांगली उचलली. दुसरीत त्या जराशा रेंगाळल्या. तिसरीत वारा दाराशी आला तोवर साथ पुढे निघून गेली होती. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. ताई गाताना मधेच थबकत होत्या, जिना उतरताना एखादी पायरी असेल असं वाटावं आणि ती नसावी, तसं. हेडफोनमध्ये साथीबरोबर त्यांचा स्वतःचा आवाजही येत होता आणि तो येत होता तोंडातून निघाल्यावर अंमळ उशिराने. त्या नकळत त्या आवाजासाठी थांबत होत्या. पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर आम्हाला फक्त ताई मागे पडताना ऐकू येत होत्या.

चौथ्या खेपेला काका म्हणाले, "ताई, तू मागे पडतेस."

बोलायला नको होतं. ताईंनी हेडफोन काढला. "मी मागे पडते?" त्या म्हणाल्या. "तुला ताल कुणी शिकवला रे, डबड्या?"

काकांनी घाईघाईने सांगितलं की कदाचित मशीनचाच काही दोष असेल. त्यावर ताईंचं उत्तर तयार होतं. मशीनला कशाला बोल लावायचा, त्या म्हणाल्या. नाचता येईना अंगण वाकडं. आणि मग, कसलाही राग नसलेल्या आवाजात, "गेला माझा आवाज. ऑपरेशनच्या आधीच गेला बघ. राहू दे आता."

त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. भांडून गेल्या असत्या तर परवडलं असतं; भावाबहिणीचं भांडण दोन दिवसांत मिटतं. त्या हरून गेल्या होत्या. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी केला. ताई सगळं बोलल्या, जेवणाचं, औषधाचं, हवेचं. गाण्याचं नाव काढलं की म्हणायच्या, डॉक्टरांनी ताण देऊ नको म्हटलंय.

ताईंनी ऐकवलेली ती म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. दरवर्षी मुलांनी तिचा अर्थ सारखाच लिहिला आणि दरवर्षी मी पूर्ण गुण दिले. पण अंगण खरोखरच वाकडं असलं तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

अंगण वाकडं आहे हे काकांना कळलं ते असं. चौथ्या दिवशी ते नुसतेच टेबलाशी बसले होते. करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी हेडफोन घातला, माईकसमोर हात नेला आणि टेबलावर अंगठी आपटली. टक. मग थांबले. पुन्हा आपटली. त्यांनी काकूंना हाक मारली, हेडफोन काकूंच्या डोक्यावर चढवला आणि पुन्हा आपटली.

"आधी टेबलावर वाजलं, मग कानात," काकू म्हणाल्या.

"उशीर," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला की काकूंना वाटलं कुणी गेलं की काय.

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा वायरीसकट उचलला, पेटी पिशवीत घातली आणि ते दुकानात गेले. मी सोबत होते. वाटेत बसमध्ये त्यांनी कॉम्प्युटरला खिडकीजवळची जागा दिली.

सूनबाईने कॉम्प्युटर सुरू केला, दोन-तीन चौकटी उघडल्या आणि विचारलं, "काका, पेटीचा ड्रायव्हर कुठाय? ही तर जुन्याच्याच हातात आहे."

काकांनी घडलं ते सांगितलं. सूनबाई हसली नाही. हसली असती तर काकांनी पेटी तिथेच ठेवून घरी यायला कमी केलं नसतं. तिने समजावून सांगितलं की तो जुना ड्रायव्हर वाईट नाही, पण तो सगळ्यांचा आहे. कॉम्प्युटरमधले सगळे आवाज तोच वाहतो, मेल आल्याची टिंग, सिनेमा, बातम्या. तो सगळ्यांना एका रांगेत घेतो, घोळका जमला की मग सोडतो. सिनेमा बघताना ते चालतं, कारण सगळाच सिनेमा एकदम उशिरा येतो, कुणाला कळत नाही. पण गाणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा आला तर तो अडखळणारच, मग गळा कितीही चांगला असो.

"म्हणजे सीट भरल्याशिवाय गाडी सोडत नाही," काका म्हणाले.

"तेच. आणि पेटीचा स्वतःचा ड्रायव्हर थोडे प्रवासी घेऊन लगेच निघतो. किती घ्यायचे तेही आपण ठरवायचं. फार कमी घेतले तर गाडी रिकामी पळते आणि आवाज तडतडतो. मधला आकडा बघून ठेवायचा."

काका सगळं समजले होते, तरी काहीतरी त्यांच्या मनात अडलं होतं. ते पेटीची वायर बोटाला गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "मग त्या जुन्याचं काय होतं?"

सूनबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "त्याला कामावरून काढत नाहीत, काका. फक्त या पेटीवरून उतरवतात. घरातले बाकीचे आवाज त्याच्याकडेच राहतात."

"असं चौकटीत लिहायला हवं होतं," काका म्हणाले, आणि वायर सोडली. चौकट पुन्हा आली तेव्हा त्यांनी स्वतः 'हो' दाबलं. मग आकड्यांची खटपट झाली. मोठ्या आकड्याला अंगठी उशिरा वाजत होती, अगदी लहान आकड्याला तव्यावर मोहरी पडावी तसं तडतडत होतं. मधे एका जागी टेबलावरची टक आणि कानातली टक एकच झाली. काकांनी खात्री करायला ती इतक्यांदा वाजवली, की दुकानदारांनी आतून विचारलं, दारावर कोण आहे.

कॉम्प्युटर घरी पोचवून काका तडक ताईंकडे गेले. तिथे काय झालं ते मला काकूंनी सांगितलं, कारण त्या मागोमाग गेल्या होत्या. ताई पलंगावर बसून इस्पितळात न्यायची पिशवी भरत होत्या. काकांनी समजूत घातली नाही, गळ घातली नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, तू मागे पडत नव्हतीस. चूक ड्रायव्हरची होती."

"कुठल्या?"

"दोघांची."

ताईंनी टॉवेलाची घडी पिशवीत ठेवली. मग विचारलं, मशीन बंद ठेवणार का ही. काकू म्हणाल्या, ठेवते.

ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना ताई परत त्या टेबलाशी बसल्या. या वेळी काकांनी गाण्याची घाई केली नाही. हेडफोन दिला आणि म्हणाले, काहीही बोल. ताई जरा विचारात पडल्या. मग पाठ ताठ झाली, हनुवटी उचलली गेली, आणि जो आवाज मी शाळेच्या कामासाठी त्यांच्या कचेरीत फोन केल्यावर कितीदा ऐकला होता त्या आवाजात त्या माईकला म्हणाल्या, "नमस्कार, कोण हवंय आपल्याला?"

त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं. तोंडाबरोबर, जिथल्या तिथे. त्या काकांकडे बघून नुसत्या म्हणाल्या, "हां. आता लागला फोन."

मग त्या गायल्या. आवाज बसलेला होता, वरच्या सुरावर कापडाला सुरकुती पडावी तसा जरा चुरगळत होता, पण वारा वेळेवर दाराशी आला आणि एकेक वस्तू वेळेवर झोपली. तवा झोपल्यावर त्यांना खोकला आला. काका थांबवायला गेले तर हाताने गप्प बसवून त्यांनी पुढचं कडवं उचललं. खोकला अजून त्या गाण्यात आहे. परगावच्या मुलीला ते पाठवलं तेव्हा तिने ऐकून सांगितलं, तो काढू नका. गाणं संपलं तेव्हा काकूंनी पदराने शिलाई मशीन पुसलं. ते स्वच्छच होतं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर कितीतरी दिवस ताईंना बोलायला बंदी होती. त्या काळात त्या टाळ्या वाजवून बोलायच्या. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे दार लावा, आणि तीन जोरात म्हणजे डबड्या, तुला अक्कल नाही. काका म्हणायचे की ही तिसरी टाळी त्यांनी ठरवून दिलेलीच नव्हती, तरी पहिल्या दिवसापासून समजली.

आवाज परत आला. तो हाच नव्हता. जाडसर, खर्जातला, जरा खरखरीत, जणू ताईंच्या घरी कुणी थोरली बाई राहायला आली आहे आणि तीच आता फोन उचलते. पहिल्यांदा त्यांनी भरून ठेवलेलं गाणं ऐकलं, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पूर्ण ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कोण ही? बरी गाते." मग थोड्या वेळाने, "खोकते फार." आणि चहा मागितला.

ते गाणं त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आता त्या गाणं सोडतील. पण काही आठवड्यांनी त्या स्वतःहून आल्या, टेबलाशी बसल्या आणि काकांना म्हणाल्या की त्या बाईचं झालं, आता माझं घे. वरचा सूर लागेना, तेव्हा काकांनी साथ दोन सूर खाली आणली. तिथे लागला.

हल्ली आठवड्यातून दोन दुपारी ताई येतात आणि त्या खालच्या पट्टीत गातात. काका साथ करतात, आणि तेवढा वेळ काकू हातशिलाईचं काम घेऊन बसतात.